जीवंत असतां

७ जानेवारी २००७

धोंडूदादा सकाळीच दारात. "नमो नारायण." चुलतभाऊ, माझ्याहून थोडा मोठा, पण गोसावीपाड्यावरून टेमघरला आला की वडील आल्यासारखं घर सावध होतं. चहा बशीत ओतून प्यायला. मग पिशवीतून कागद. समाधीच्या माळाचा व्यवहार. जयवंत पाटील तिथे गोदाम बांधणार. सगळ्या भावांच्या सह्या झाल्यात, माझी राहिली.

"तू तं दगडधोंड्यांना मानीत न्हायस. भाषणं देत फिरतोस. मंग तुला काय अडचन?"

अडचण नाही. आम्ही गोसावी, आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत. बसवून पुरतात, भोवती मीठ घालतात, वर दगड उभा करतात. माणूस मेला की संपला, त्याच्यासाठी जिवंतांची जमीन अडवू नका, हे शेलार गावच्या सभेत मीच गरजून सांगितलं होतं. दादा तेव्हा पहिल्या रांगेत होता. लक्षात ठेवलंय लेकाने.

सही करीन म्हणालो. फक्त त्याआधी दगडांवरचे लेख उतरवून घेतो. जयवंत ते दगड गोदामाच्या पायात भरेल, अक्षरं तरी कुठे राहावीत.

"वाच, वाच. मास्तरच तू. पन शिवरात्रीपावतर आटप."

दगडांना मानत नाही, अक्षरांना मानतो. याला कुणी विसंगती म्हणेल. म्हणो.

१४ जानेवारी

वज्रेश्वरीच्या एसटीने गेलो, फाट्यावर उतरलो. खाचरांच्या बांधावरून माळ. किती वर्षांनी. लहानपणी इथे उभं राहिलं की डोंगर दिसायचा. आता तिन्ही बाजूंना निळी पत्र्याची छपरं. मधे करवंदीच्या जाळीत आमचे पूर्वज.

पद्धत साधी. दगड ओल्या फडक्याने पुसायचा, वाळू द्यायचा, खोदलेल्या अक्षरांत तांदळाचं पीठ बोटाने भरायचं. पांढरी अक्षरं उठून येतात. सकाळचा आडवा उजेड असेल तर आणखी चांगलं. पहिल्या दगडालाच दुपार झाली. 'श्री बालभारती गुरु आत्मभारती समाधिस्थ जाहले.' एवढंच. अक्षर सुरेख.

यमुनावैनी आली. दादाचा थोरला भाऊ वारला त्याची बायको. वाकलीय, पण चाल तीच तरतरीत. रोज संध्याकाळी गंगामाईच्या दगडापाशी दिवा लावते. मला पीठ लावताना बघून,

"भावजी, भुतांना भाकऱ्या थापताव क्यं?"

हसलो. मग ती बसली आणि मी एकेक लेख मोठ्याने वाचला. तिला वाचता येत नाही. "हा माज्या सासऱ्याचा आजा ना?" म्हणाली. मला माहीत नव्हतं.

माई शेवटी, चिंचेखाली. सर्वांत मोठा दगड. दिवा ठेवायची खोबण उजव्या अंगाला, म्हणून तेल आणि शेंदूर लावणारा हात पिढ्यान्‌पिढ्या उजवीकडेच पडला. ती बाजू शेंदराने फुगून गुळगुळीत झालीय. डावी कड तेवढी मोकळी. त्या कडेवर एकाखाली एक: श्री गंगाबाई. केवळभारती. जीवंत. समाधी.

पाड्यावरची सगळी पोरं हे वाचूनच अक्षरं शिकली. मीसुद्धा. गंगामाई आपल्या पायांनी खड्ड्यात उतरली, मांडी घालून बसली, वरून माती लोटली तरी आतून डमरू ऐकू येत होता, वगैरे.

माईला पीठ लावलं नाही. वैनीने हात धरला.

२१ जानेवारी

पुरुषांच्या दगडांवर नाव, गुरूचं नाव, शिवलिंग कोरलेलं. बायकांच्या दगडांवर काहीच नाही. फक्त पावलं. दोन पावलं, बोटं वर. एवढ्यात आटपलं. मी 'लेख उतरवणे' म्हणून निघालो आणि निम्म्या दगडांसमोर कागद कोरा.

आईचा दगड कुठला?

ती गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आठवतंय ते मिठाचं पोतं आणि मामाचा हात. दगड नाही आठवत. दादाला विचारलं. "ती बोराटीखालची." वैनी म्हणाली, "न्हाय वो, ती माजी चुलतसासू. तुमची आई तिकडं, बांधाला." दोघं भांडले. सगळी पावलं सारखीच. एकाच पाथरवटाने एकाच साच्याने ठोकल्यासारखी.

मी दोन्ही दगड पुसले. आणखी काय करणार.

२६ जानेवारी

टेमघरच्या शाळेत झेंडावंदनाला वक्ता. विषय मीच बदलला. गंगाबाईचं भाषण केलं, नेहमीचं. विधवेला खड्ड्यात बसवून तुम्ही वर माती लोटली आणि त्या खुनाला समाधी म्हणालात! त्या मातीवर अजून उदबत्ती लावता! आतून डमरू येत नव्हता, आतून ती किंचाळत होती!

हॉल सुन्न. मग टाळ्या. त्या 'किंचाळत'नंतर मी नेहमी थांबतो. किती थांबायचं ते आता शरीरालाच कळतं. लोक श्वास सोडायच्या आत पुढचं वाक्य.

ट्रस्टीसाहेब म्हणाले, सर, काटा आला. शाल.

४ फेब्रुवारी

जयवंत पाटील माळावर आला. पांढरे बूट. माणूस वाईट नाही, विनम्र आहे, माझी भाषणं ऐकून मोठा झालो म्हणतो. त्याच्या आजाची भातशेती होती तिथे आता त्याची तीन गोदामं.

"सर, माईचं टेन्शन घेऊ नका. माईला आपन रोडला आनू. संगमरवरी मंदिर, खाली टायल्स, वर कळस. गोदामाच्या गेटलाच. येनारा ट्रकवाला पन नमस्कार करून जाईल."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना कोन वलखतो, सर? तुमीच नावं वाचताय तेव्हा कलतात."

मी पिठाचा डबा बंद केला. नंतर वैनी म्हणाली, तुमी गप ऱ्हाता तेव्हा मला भ्या वाटतं.

पाड्यात दोन तट. कोणी म्हणतं मंदिर होतंय तर होऊ द्या, पोरांना गोदामात ड्युटी लागेल. बाकीचे म्हणतात, माई जिथं जिती बसली तिथून तिला हलवायची कशी? वर दगड हाय, खाली ती हाय. दगड न्याल, तिला कशी न्याल? शिवरात्रीला माळावर जमायचं आणि काय ते ठरवायचं. जयवंतही म्हणाला, गाव बोलेल तसं. गाव अंगावर घेऊन त्याला इथे धंदा करता येणार नाही, हे तो जाणतो.

दादा रागावलेला. "मेल्यांनी जागा धरून ठेवलीय. जित्यांनी कुठं जायचं? पोरांना काय या करवंदी चारू?" याचं उत्तर माझ्या जुन्या भाषणांत आहे, आणि ते त्याच्या बाजूचं आहे.

सही अजून केलेली नाही.

११ फेब्रुवारी

कुंपण साफ करायला म्हणून जेसीबी लावला. गाव ठरवेल म्हणणाऱ्यानेच. मी पोचलो तेव्हा करवंदीची जाळी उपटलेली, पहिला दगड आडवा. बालभारती, तोंड मातीत.

ड्रायव्हर बिहारचा. खाली उतरून उभा. "साब, बोला था झाडी है. ये तो कब्र है. हम नहीं करेगा, किसी का भी हो." मुकादम शिव्या देत होता. ड्रायव्हरने चावी काढून खिशात घातली आणि चिंचेखाली जाऊन बिडी पेटवली.

आम्ही तिघांनी, मी, तो आणि मुकादमसुद्धा, दगड उभा केला. वरच्या कडेचा टवका उडालाय. 'श्री'चा वरचा भाग गेला.

परत येताना एसटीत ठरलं. सही नाही. कारण काय म्हणून सांगणार? मलाच धड सांगता येत नाही. आईची पावलं कुठली ते कळलेलं नाही. ती कळेपर्यंत तरी नाही.

१३ फेब्रुवारी

शिवरात्रीआधी माईला न्हाऊ घालतात. वैनीने पातेल्यात पाणी तापवलं, मला म्हणाली ओता. गरम पाणी उजव्या अंगावरून सोडलं. फडक्याने दाबून पुसताना शेंदराची सगळी खोळच हलली. जाड, भाकरीसारखी. वैनी म्हणाली, "सुटू द्या. माज्या सासूच्या वेलेला बी एकदा सुटलेली. खाडीत सोडू."

अलगद उचलली. खाली दगड काळाभोर, ओला. आणि अक्षरं.

चार ओळी आहेत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या फक्त डाव्या बाजूचे शब्द वरून खाली वाचत आलो. ओळी आडव्या वाचायच्या असतात हे पहिलीतल्या पोराला सांगतो मी.

श्री गंगाबाई भ्रतार
केवळभारती हिणें आपण
जीवंत असतां आपली
समाधी बांधिली मिती

मितीपुढे काही नाही. घासलेलं नाही, फुटलेलं नाही. तासून गुळगुळीत केलेली जागा, आणि ती कोरी.

पुन्हा पुन्हा वाचलं. ती खड्ड्यात उतरली नव्हती. तिला कोणी ढकललं नव्हतं. जिवंत असताना तिने आपला दगड आपणच करून घेतला, नाव घालून. आजूबाजूच्या पावलांकडे बघून केला असेल. मेल्यावर आपलीही दोनच पावलं उरतील, हे तिला दिसलं असेल. मरणाची तारीख नंतर कोणीतरी घालील म्हणून जागा सोडली. ती कोणी घातली नाही.

म्हणजे खाली ती आहे का, हेही नक्की नाही. पुरली असती तर मिती घातली असती. नव्हती घालायची म्हणून नाही घातली? की तिला इथे आणलीच नाही? कुठे मेली?

वैनी: "काय लिवलंय?"

मी: "तेच."

तोंडातून गेलं. लगेच गेलं.

१४ फेब्रुवारी

दिवसभर कुठे गेलो नाही. खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालू, भिंत थरथरतेय, विचार करायला ते बरं असतं.

गावाने खोटं रचलं: ती आपणहून बसली. मी दुसरं रचलं: तिला बसवली. त्यांनी उदबत्ती लावली, मी टाळ्या घेतल्या. दोघांनीही तिचं वाक्य अर्धंच वाचलं. तिने एक साधी, ताठ गोष्ट लिहून ठेवली होती आणि ती आम्हां दोघांच्याही उपयोगाची नव्हती.

आयुष्यात इतकं चांगलं भाषण मला कधी मिळालं नव्हतं. आपलं नाव आपण कोरून घेणारी बाई! शिवरात्रीला हे सांगितलं तर...

तर काय? गाव माईला हलवू देत नाही, कारण ती खाली जिती बसली आहे. ती बसलेली नाही म्हटलं की उरला दगड. दगड रोडला न्या, टायल्स लावा. बाकीचे पायात भरा. माझी एक सही नसल्याने जयवंत थोडा अडेल, कायमचा नाही. बाकीच्या वाट्यांवर जेसीबी फिरेल, आणि आईची पावलं कुठल्या वाट्यात ते मला माहीत नाही.

खरं सांगितलं तर माळ जातो. खोटं सांगितलं तर माळ राहतो, आणि खोटं मी व्यासपीठावरून कधी बोललेलो नाही. चुकीचं बोललो, आत्ताच कळलं. पण ठाऊक असताना नाही.

१५ फेब्रुवारी

दादाचा फोन. उद्या तू दोन शब्द बोल. भाऊबंद सगळे तुझं ऐकतील. "तू नेहमीचंच बोल. देव न्हाय, भूत न्हाय. माझं काम व्हईल."

केवढा विश्वास आहे याचा माझ्यावर.

१६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

लिहून टाकतो. नंतर लिहिलं तर सजवून लिहीन.

माळ माणसांनी भरलेला. बायका चिंचेच्या बाजूला, पुरुष बांधावर, जयवंत खुर्चीवर बसला नाही, उभा राहिला. उपवासाची रताळी वाटली जात होती. माईला अजून नवा शेंदूर लावला नव्हता, आरतीनंतर लावतात. अक्षरं उघडी होती. वाचणारा कोणी जवळ गेला नाही.

मी भाषण केलं नाही. म्हणालो, फक्त वाचतो. एकेका दगडापाशी गेलो आणि लेख वाचले. बालभारती गुरु आत्मभारती. पुढचा. त्याच्या पुढचा. बायकांच्या दगडापाशी आलो की म्हणायचो, "पावलं." पुढे चालायचो. "पावलं." तिसऱ्या-चौथ्या वेळी बायकांमधून आवाज बंद झाले. रताळी वाटणाराही थांबला. हे जमत होतं. मला कळत होतं की जमतंय. बांधाशी आलो, "पावलं," आणि आवाज फाटला.

मग माई.

"श्री गंगाबाई भ्रतार केवळभारती हिणें आपण जीवंत..."

आणि थांबलो.

दम लागला होता का? पासष्टी उलटलीय, उन्हात उभा, घसा कोरडा. असेल. पण थांबायची जागा कुठली हे माझ्याइतकं त्या माळावर कोणाला माहीत नव्हतं. लोकांच्या छातीत पुढचा शब्द तयार होता. मी श्वास घेतला तेवढ्यात तो त्यांच्याच तोंडून आला.

"समाधी!"

आधी एक बाई, मग सगळा माळ. गंगामाईचा जय. हात जोडलेले, म्हाताऱ्या जमिनीवर डोकं टेकतायत, कोणीतरी नारळ फोडला. 'समाधी' हा शब्द मी उच्चारलाच नाही. ते म्हणाले. मी मात्र पुढचे शब्द म्हणायला हवे होते. चार-पाच तर होते. तोंड उघडलं असतं तर माझा आवाज त्या गलक्यावरून गेला असता, माझा आवाज जातो.

तोंड उघडलं नाही.

जयवंत जवळ आला, वाकून पाया पडला. माझ्या की माईच्या, कळलं नाही. हळूच म्हणाला, "सर, तुमी पन?"

१७ फेब्रुवारी

जयवंतने निरोप दिला, 'सध्या' राहू दे. सध्या.

दादा बोलत नाही. एसटीला सोडायलाही आला नाही. त्याची पोरं फाट्यावर उभी होती, त्यांनी मान फिरवली. काल मी त्यांचं काहीतरी काढून घेतलं आणि तेही खोटं बोलून. खरं बोलून काढून घेतलं असतं तर निदान त्यांच्या नजरेला नजर देता आली असती.

काल संध्याकाळीच नवा शेंदूर लागलाय, जाड. उजवी बाजू पुन्हा बंद. चांदीचे डोळे बसवणार म्हणतात.

२५ फेब्रुवारी

पाड्यावर टेंपो भरून बायका आल्या होत्या, कुठल्या कुठून. चिंचेखाली नारळाचं दुकान लागलंय. एकाने मला माईचं माहात्म्य लिहून द्या म्हणून आग्रह केला. "सर, तुमच्यासारख्या नास्तिकाला बी साक्षात्कार झाला, तेच पहिल्या पानावर टाकू."

हे ऐकून मी ओरडलो त्याच्यावर. तो खूश झाला, म्हणाला, हाच आवाज पाहिजे.

दुसरं. एक तरुण बाई दगडाला डोकं लावून बसली होती. कपाळ कोरं, बांगड्या नाहीत. बरोबरच्या बाईला म्हणाली, "माई बरी सुटली गं. आमाला असं सुटायला कधी गावंल?"

त्या दोघी निघून गेल्या. मी तिच्या मागे गेलो नाही. जायला हवं होतं. काय बोललो असतो?

माझा पॉज ऐकून ती इथे आली.

४ मार्च

धुळवड. पाड्यावर गेलो, रंग कोणी लावला नाही. मी तिथला पाहुणाही उरलेलो नाही.

वैनी माईपाशी. पणतीची वात करत होती. वर न बघता बोलली.

"त्या दिशी तुमी थांबलाव."

"दम लागला होता."

"तुमाला? लगीन लागताना मंगलाष्टकं सुदीक एका दमात बोलायचाव. मी आल्यापासून बघतेय." मग, "फुडं काय लिवलंय?"

मी इकडे-तिकडे बघितलं. नारळवाला जेवायला गेला होता. शेंदराकडे बोट करून, ओळ आडवी कशी जाते ते दाखवत, सगळं म्हटलं. भ्रतार म्हणजे नवरा. हिणें म्हणजे हिने. आपण जीवंत असतां आपली समाधी बांधिली. मिती. मितीपुढे कोरं.

वात तशीच बोटात.

"म्हंजे बसली न्हाय ती."

"नाही."

"सोताच दगड केलान. नाव घालून."

"हो."

"आनि आत?"

"आत कोण आहे मला माहीत नाही, वैनी. कोणी असेल किंवा नसेलही."

मला वाटलं आता रडेल, किंवा मला शिव्या देईल. एवढी वर्षं दिवा लावला. ती हसली. दात नसलेलं, तोंडभर.

"रांड बेरकी व्हती की!"

आणि मग, वात पेटवून झाल्यावर, अगदी बाजाराला सांगावं तसं:

"भावजी, मंग माजा बी करा. मी जिती हाय तवर. पावलं नको. नाव पायजे. हितंच, तिच्या बाजूला. आनि तिच्यावर लिवलंय तेच लिवा माज्यावर, सगलं. अर्दं न्हाय."

११ मार्च

फाट्यावरच्या पाथरवटाकडे. पाटे-वरवंटे करतो, क्वचित नावाच्या पाट्या. दगड वैनीनेच निवडला, हाताने थोपटून, भाकरी बघावी तशी.

तिला मी सगळं सांगितलं. लपवलं नाही. तुझ्या दगडावर पूर्ण वाक्य उजेडात आलं की कोणीतरी ते वाचील, मग माईकडे बघील, मग शेंदूर खरवडील. आजची पोरं शिकलेली आहेत. माई बसली नाही हे कळलं की जयवंत पुन्हा येईल. जेसीबी येईल. सगळ्यांची पावलं जातील, तुझा दगडही.

"तं येऊ दे. मी असंन ना तितं."

"अजून नाहीस."

"मंग घाई करू क्यं?"

हे ती बोलली आणि स्वतःच खोकेपर्यंत हसली. पाथरवट घाबरून बघत राहिला.

दादाला तिने काल घरात सांगून टाकलंय. त्याने ताट सरकवलं म्हणे. मग रात्री विचारलं, "नाव घालायचं तं आडनाव आपलंच ना?" एवढंच.

१९ मार्च, पाडवा

पाथरवटाने दगड तासून ठेवला होता. खडूने मजकूर लिहून द्या म्हणाला, मी त्यावर छिन्नी चालवतो. गुढीची साखर हातावर ठेवली. वैनी पाट्यांच्या ढिगावर बसून बघत होती. दगडाला डोकं लावून बसलेल्या त्या बाईनंतर मला थेट दगडावर लिहवेना, आधी कागद मागितला.

मजकूर लिहिला कागदावर: यमुनाबाई भ्रतार रामभारती हिने आपण जिवंत असता आपली समाधी बांधली. तारीख.

"तारखेला किती जागा सोडू?" त्याने विचारलं.

"सोड बोटभर."

"चार बोटं सोडा," वैनी म्हणाली. "मला घाई न्हाय."

मग तो दगडावर दोरी धरून मापत राहिला. सगळं एका ओळीत मावत नाही, दगड अरुंद आहे. ओळ कुठेतरी तोडावी लागणार. डाव्या कडेला काय येईल, खाली काय येईल, हे त्यावर. उद्या पाड्यावरची पोरं याच कडेवरून अक्षरं शिकतील. शेंदूर कुठून चढेल ते मला सांगता येणार नाही, पण चढणार हे नक्की.

तो खडू माझ्यापुढे धरून उभा.

"सर, 'जिवंत' शब्दावर तोडू का वळ?"

वैनीने माझ्याकडे बघितलं. मी खडू घेतला.